काळीची तीन वेतं

लहानपणी मला कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की मी बाजू बदलायची. लग्न होऊन डहाणूला आले, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले, तरी वाटेवरच्या एका लंगड्या कुत्र्याला चुकवण्यासाठी मी रोज बाजारामागून वळसा घेऊन शाळेत जात असे. त्याच माझ्या घरात पुढे एक अल्सेशियन कुत्री राहिली आणि माझ्या खाटेखाली व्याली. हे घडलं ते दोन बायांमुळे. एक चिकूच्या बागेच्या मालकीणबाई, आणि दुसरी उधव्याची एक शेतकरीण.

आमचे हे डहाणू रोडला असिस्टंट स्टेशन मास्तर होते. क्वार्टर रुळांच्या कडेला, ओळीतलं अगदी शेवटचं. ह्यांची पाळी असली की मी एकटीच. शेजारच्या क्वार्टरमधली तांब्याची भांडी चोरीला गेली, तेव्हा ह्यांनी राखणीला एखादं कुत्रं आणायचं ठरवलं. चिकूच्या करंड्या गाडीत चढवण्याच्या निमित्ताने बागवाल्या बाईंशी ह्यांची ओळख होती. त्या इराणी, घरात गुजराती बोलणाऱ्या, पन्नाशीच्या, विधवा. घोलवडच्या वाटेवर त्यांची बाग होती आणि त्यांची अल्सेशियन कुत्री मुंबईपर्यंत नावाजलेली होती. ह्यांनी एखादं पिल्लू मिळेल का म्हणून विचारलं, तर बाई स्वतःच आमच्याकडे आल्या. बरोबर पिल्लू नव्हतं. दीड वर्षांची, काळ्या पाठीची, गुडघ्यापर्यंत पिवळ्या पायांची एक थोराड कुत्री होती.

मी दाराआड उभी राहिले. बाई पायरीवर बसल्या, कुत्रीही बसली. बाईंनी घरात कोण कोण असतं, दार दिवसा उघडं असतं का, ओरडून बोलायची सवय कोणाला आहे (ह्यांना होती), असं सगळं विचारून घेतलं. शेवटी लेकीला विचारावं तसं माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुला भीती वाटते ने, दीकरी?"

"वाटते."

"बरं आहे. भिणारं माणूस कुत्र्याकडे नीट बघतं. बाकीचे बघतच नाहीत."

मग त्यांनी अटी सांगितल्या. कुत्री आमच्याकडे राहील, खाणंपिणं आमचं, औषधपाणी त्यांचं. माजावर आली की चार दिवस त्या बागेतल्या नराकडे नेतील. पिल्लं होतील ती त्यांची. अशी तीन वेतं झाली की कुत्री कायमची आमची. "आणि साखळी नाही," त्या म्हणाल्या. "नाव तुम्ही ठेवा. घर ठेवेल तेच नाव."

आम्ही तिला काळी म्हणायला लागलो.

कुत्री अशी घराघरांत का ठेवायची, हे मला पुढे हळूहळू कळलं. बाईंच्या यजमानांनी बागेच्या मागच्या अंगाला पत्र्याचे पिंजरे बांधले होते. सहा माद्या त्यात असत. बाई सांगत, की त्या माद्या दिवसभर पिंजऱ्यात गोल गोल फिरायच्या आणि जमिनीला त्या फेऱ्यांची वाट पडली होती. एकीने आपलीच पिल्लं मारून टाकली. विकलेली कुत्री लोक परत आणून देत. कोणी म्हणे माणसाला भितं, कोणी म्हणे पोराला चावलं. यजमान गेले त्या वर्षी बागेतला एक माळी घरी शेती बघायला म्हणून उधव्याला परत निघाला. एका आजारी मादीला त्याच्या बायकोचा लळा लागला होता. बाईंनी ती तिच्याबरोबर जाऊ दिली. जगेल अशी आशा नव्हतीच. ती जगली, आणि वर्षाने त्या पाड्यावरच्या घरात, चुलीपासून चार हातांवर तिला पिल्लं झाली. बाई बघायला गेल्या तर पिल्लं कोंबड्यांच्या मधून चालत होती आणि शेळीच्या पायांत झोपत होती. त्या परत आल्या आणि महिन्याभरात सगळे पिंजरे मोडून टाकले. एकेक मादी एकेका घरी दिली. झाईला एका कोळ्याकडे, तलासरीला एका मास्तरांकडे, वेवजीला, आणि अशीच आमच्याकडेही.

गावात लोक हसायचे. बाईंची कुत्री सासरी नांदतात म्हणायचे. बाई म्हणायच्या, खरं आहे.

माझी भीती एका दिवसात गेली नाही. पहिला महिना मी नाचणीची पेज वाडग्यात घालून वाडगा काठीने पुढे सरकवायची. काळी मी आत जाईपर्यंत थांबायची आणि मग खायची. मी शाळेतून यायच्या वेळी ती फाटकाशी उभी असायची, पण अंगावर कधी आली नाही. एकदा मला मलेरिया झाला. थंडी वाजून आली, हे ड्यूटीवर. पांघरूण पुरत नव्हतं. ती आली आणि खाटेला लागून, माझा लोंबता हात तिच्या पाठीवर येईल अशी बसून राहिली. हे घरी आले तेव्हा माझा हात तिथेच होता. दुसऱ्या दिवसापासून काठी बंद झाली.

काळी पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा बाईंनी तिला व्यायच्या पंधरा दिवस आधी बागेत नेलं. बंगल्यातली थंड खोली, गवताची गादी, सगळी बडदास्त ठेवली होती. मला मात्र घर खायला उठलं. दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी मी चहा टाकत होते आणि फाटकाचा आवाज आला. काळी दारात उभी होती. पाय चिखलाने भरलेले, पोट जमिनीला टेकायला आलेलं. चार मैल रुळांच्या कडेकडेने चालत आली होती. माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं, आत आली, आमच्या खाटेखाली शिरली आणि तिथली जमीन उकरायला लागली.

ह्यांनी स्टेशनातून माणूस पाठवला. तासाभरात बाईंची जुनी मोटर दाराशी आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंच्या बरोबर एक किडकिडीत, काळी, पन्नाशीला आलेली बाई उतरली. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात तेलाची बाटली. ती उधव्याची, त्या माळ्याची बायको. बाईंनी तिला काळीच्या बाळंतपणासाठीच बोलावून घेतलं होतं. कारण पाड्यावरच्या बाया, शेळ्या आणि आता बाईंची कुत्रीही तिच्याच हाताखाली सुटत.

बाई खाली वाकल्या, खाटेखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक माझी. घर दिलं तर घरातच व्हायला पाहिजे होतं."

उधव्याची बाई माझ्याकडे वळली. "बाय, घाबरू नको. तिला ठाव हाय काय करायचं ते. तू फक्त तिच्यासमोर बस."

मी बसले. दुपारपर्यंत सहा पिल्लं झाली. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही, पहिल्यांदाच न कळवता. त्या दिवसापासून बाईंनी आपला नियम बदलला. कुठल्याही घरची कुत्री व्यायला बागेत आली नाही. बाई आणि उधव्याची बाईच घरोघर जायच्या.

दुसरं वेत ठरल्याप्रमाणे आमच्याकडेच झालं. दोन महिने पिल्लं घरात असत आणि वर्गातली मुलं शाळा सुटली की बघायला येत. बाईंना ते हवंच होतं. गिऱ्हाईक आलं तरी त्या लगेच पिल्लू देत नसत. आधी पिल्लांमध्ये जमिनीवर बसायला लावत. सुटाबुटातला एक माणूस बसायला तयार होईना, तर बाई त्याला म्हणाल्या, "मग तुम्ही पितळेचा कुत्रा घ्या, कपाटावर ठेवायला." तो रिकाम्या हाताने गेला.

मग ह्यांची बदली झाली. गोध्रा. ऑर्डर हातात आली त्या संध्याकाळी मी काळीची वेतं मोजली. काळीचं एक वेत बाकी होतं. तोपर्यंत ती बाईंचीच होती, आणि त्यांच्याकडे काळीइतकी चांगली मादी दुसरी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी बागेत गेले. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांचा म्हातारा नर पायाशी झोपला होता.

"बदली झाली," मी म्हटलं. "काळीला आणून सोडते."

"कुठे सोडते?"

"तुमच्याकडे. करार तीन वेतांचा आहे. दोनच झालीत."

बाईंनी वाकून नराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "करार तुझ्याशी केला. त्याच्या आधी एक शब्द कुत्रीला दिला होता, तुझं घर तुटणार नाही असा. तिला समजत नाही म्हणून मोडू? तिसरं माफ. घेऊन जा."

मला रडू आलं, डोळे मी पदराने पुसले. बाईंनी उठून मला चिकू बांधून दिले आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या.

गोध्र्याला माझी नोकरी गेली. तिथे शाळा गुजराती माध्यमाच्या आणि माझं गुजराती बाजारापुरतं. दिवस घरात काढायचे. काळी बरोबर होती म्हणून निभावलं. पण बाईंनी माफ केलेलं ते वेत माझ्या मनातून जाईना. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "त्यांनी सोडलंय ना? मग आपण कशाला धरून बसायचं?" मी म्हटलं, त्यांनी सोडलंय म्हणूनच.

थंडीच्या दिवसांत काळी माजावर आली. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं, अमुक गाडीने येते आहे, आणि चौथ्या दिवशी निघाले. कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या लोखंडी खोक्यात घालायचा नियम होता. ह्यांनी गार्डला सांगून ठेवलं होतं, तरी मी गाडी थांबली की उतरून खोक्याशी जायची. बडोद्याला गाडी बदलली. डहाणूला उतरले तर बाई फलाटावर उभ्या होत्या. खोक्यातून काळी बाहेर आली आणि त्यांच्या पायांत घोटाळायला लागली.

"तुला माफ म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तुमचा शब्द पाळलात. माझा मला पाळू द्या."

 माझी पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि मोटरीत नेऊन ठेवली. पाच दिवस मी बागेत राहिले आणि काळीला घेऊन परत गेले.

दोन महिन्यांनी, दिवस भरत आले तेव्हा दोघी गोध्र्याला आल्या. उधव्याची बाई तोवर कधी आगगाडीत बसली नव्हती. नर्मदेच्या पुलावर तिने गजांना घट्ट धरलं आणि पूल संपेपर्यंत हात जोडायचे राहून गेले, याची तिला आल्यावरही चुटपुट लागली होती. आल्या आल्या तिने काळीच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी काळीला कळा सुरू झाल्या. चार पिल्लं सुरळीत झाली. पाचवं पायाळू निघालं आणि अडलं. काळी धापा टाकायला लागली, तिचे डोळे फिरले. बाई एकामागून एक काय काय सुचवत होत्या. उधव्याची बाई म्हणाली, "पाणी ऊन कर. आन तू बोलू नको." तीनशे झाडांची मालकीण मुकाट्याने उठून माझ्या चुलीपुढे बसली. तेलाचा हात, हळू आवाजातली कसली तरी पुटपूट, काळीच्या प्रत्येक कळेबरोबर थोडंसं ओढणं. पिल्लू बाहेर आलं ते लोंबतच. तिने ते फडक्यात घेतलं, तोंड पुसलं, उलटं धरून चोळत राहिली. मी मनातून आशा सोडून दिली होती. ती चोळतच होती. मग फडक्यातून एक बारीकसा आवाज आला. तिने ते काळीच्या तोंडाशी ठेवलं आणि मला म्हणाली, "आता चहा दे."

त्यानंतर आणखी दोन झाली. सगळी सात.

संध्याकाळी तिघी पिल्लांपुढे बसलो होतो. उधव्याच्या बाईने त्या पाचव्या पिल्लावर बोट ठेवलं. "ही माझी."

"ती अशक्त राहील," बाई म्हणाल्या. "वंशाला चालणार नाही. दुसरी घे, कुठली पण घे."

"मला वंश काय करायचाय? मला कुत्री पायजे."

बाई हसल्या. "घे मग. हिला करार नाही."

पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर मी ती चिकूच्या दोन करंड्यांत घालून डहाणूला नेली. सहा बागेत उतरवली. करार पुरा झाला, काळी आमची झाली, असं बाईंनी माझ्यासमोर ह्यांच्या नावाने पत्र लिहून दिलं, गुजरातीत. उरलेलं ते पाचवं पिल्लू पदराखाली घेऊन मी एस.टी.ने तलासरीला आणि तिथून उधव्याला गेले.

घर कुडाचं, पुढे सारवलेलं अंगण. बाईंची ती पहिली कुत्री, जी मरेल म्हणून दिली होती, ती अजून होती. तोंड पांढरं झालेलं, एक डोळा अधू. मी पिल्लू अंगणात ठेवलं. ते लटपटत चार पावलं गेलं आणि कोंबड्यांना बघून खाली बसलं. म्हातारी कुत्री उठली, त्याला हुंगलं आणि त्याच्या शेजारी सावलीत पडली. उधव्याच्या बाईने मला भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी वाढली. काळी गोध्र्याला काय खाते, तिचं दूध आटलं का, ह्यांचा आवाज अजून मोठा आहे का, सगळं विचारलं. परतीची बस चारची होती. ती मला सोडायला रस्त्यापर्यंत आली आणि बस येईपर्यंत थांबली.