उसनी साडी, उसनं इंग्रजी

माझ्या शेजारच्या टेबलावर वंदनाताई बसतात. परवा त्यांना पहिल्यांदाच एकटीने जपानच्या ग्राहकाशी बोलायचं होतं. सकाळपासून डबाही न उघडता त्या एकच वाक्य घोकत होत्या, ‘द बॉल इज इन युवर कोर्ट.’ म्हणजे, आता तुम्ही ठरवा. पण नुसतं तसं म्हटलं तर ऑफिसचं इंग्रजी वाटत नाही, असं त्यांचं ठाम मत.

कॉल सुरू झाला. नमुने कधी पाठवायचे यावर गाडी आली आणि ताईंनी ते वाक्य टाकलं. पडद्यावरच्या गृहस्थांनी भुवया उंचावल्या. ताईंचा चेहराच उतरला. मग ते एकदम खुलले आणि अडखळत म्हणाले, “हे मीपण गेल्याच आठवड्यात शिकलो!” दोघं इतकी हसली, की मी काम सोडून बघत राहिले.

वाक्य मुळात टेनिसमधलं, पण रॅकेट दोघांपैकी कुणी कधी हातात धरली नसेल. मैत्रिणीची भारी साडी नेसून लग्नाला जावं, डाग पडेल या धास्तीने घास उतरू नये, आणि शेजारच्या पाटावरची हळूच म्हणावी, “माझीही उसनीच आहे हो.” मग जेवण कसं गोड लागतं!

पुढे दोघं साधंच बोलली. “सोमवारी पाठवू की गुरुवारी?” “सोमवारी.” झालं काम.

कॉल संपताच ताईंनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. “थालीपीठ घेतेस की शिरा? तूच ठरव.”