जावयावर आळ

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनरसे खाऊ घालायचे, हा आमच्याकडचा नियम. त्या वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरी जावई आले, आणि मी पुण्याहून एक खेळ घेऊन आले.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, अंजनगाव सुर्जीकडचा शेतकरी. त्या वर्षांत शेतकऱ्याला मुलगी द्यायला शेतकरीसुद्धा तयार नव्हता, आणि आमचे बाबा तर गणिताचे मास्तर. नोकरीवालाच पाहिजे म्हणून ते अडून बसले होते. धाकटी त्यांच्याहून हट्टी निघाली. लग्न झालं, आणि बाबांनी त्याचा सूड असा उगवला की ते जावयाशी अतिशय सभ्यपणे वागायला लागले. पाट, पाणी, ‘जवाईबापू, घ्या ना’, सगळं साग्रसंगीत. पण वर्षभरात त्यांच्या वावराबद्दल, पिकापाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

खेळ असा: आम्ही सगळे सरदार, राक्षसांपासून किल्ला वाचवायचा. प्रत्येकाने एक पत्ता पालथा टाकायचा; पांढरा निघाला तर दार टिकतं, काळा निघाला तर खिळखिळं होतं. आमच्यातच एक छुपा फितूर; तो कोण, हे सुरुवातीला प्रत्येकाला गुपचूप वाटलेल्या पत्त्यावरून ठरतं. त्याच्यावर बरोबर आळ घेतला तर किल्ला वाचतो, आळ खोटा ठरला तर एक बुरूज जातो.

पहिल्या डावात फितूर कोण हे घरातल्या कूलरलासुद्धा कळलं असतं. काळा पत्ता निघाला की जावई सगळ्यांच्या आधी अरेरे म्हणत आणि त्यांचे कान लाल होत. पण जावयावर आळ घेणार कोण? मी तोंड उघडलं तर आईने मांडीला चिमटा काढला. बाबा राक्षसांना, पत्त्यांना, माझ्या पिसण्याला दोष देत राहिले. किल्ला पडला. जावयांनी ओशाळून आपला पत्ता दाखवला, तर बाबा म्हणाले, छान खेळलात.

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ती डोळे पुसत होती.

“बाबा त्याईच्याशी भांडत काहून नाही, ताई? माह्याशी भांडतेत, तुह्याशी भांडतेत. त्याईले जल्मभर पाहुनाच ठेवतेत का?”

मी तिला एक अनरसा दिला आणि बाहेर येऊन दुसरा डाव मांडला.

बाबांना हरणं सोसत नाही; सापशिडीतसुद्धा ते फाशाशी वाद घालतात. दार गेलं, एकच बुरूज उरला, तसा त्यांचा सभ्यपणा सैल झाला. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “फितूर तुमीच, जवाईबापू. मी कवाचा पाहून राहिलो.”

आईचा हात अनरशांच्या ताटावरच थांबला. जावयांनी पत्ता उलटला. इमानी सरदार. शेवटचा बुरूजही गेला. फितूर आई होती. आग्रह करकरून वाढताना ती निवांतपणे किल्ला पोखरत होती, आणि पकडली न गेल्याचं तिला काडीचंही नवल वाटलं नाही.

जावई बाबांकडे वळले. “किल्ला तुमच्यापायी गेला, मामाजी.” या घरात ते उलटून बोलले, ते पहिल्यांदाच.

“माह्यापायी?” बाबा भडकले. “अन् लाल्या आलेल्या वावरात यंदा पुन्हा पऱ्हाटी लावून राहिले, ते कोनापायी?”

यंदाच्या पेरणीचं जावई जेवताना आईला सांगत होते; पण गेल्या वर्षी कपाशीची पानं लाल पडून अर्धं पीक गेलं होतं, हे धाकटीने फक्त मला सांगितलं होतं. तिने हळूच विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बाबा पत्ते गोळा करायला लागले. मग खाली पाहूनच म्हणाले, “पुन्यतिथीले मोझरीले जातो म्हनलं होतं ना मी, दिवाळीच्या आधी? अंजनगावच्या एस्टीत बसलो होतो. बांधावर उभं राहून पाह्यलं अन् वापस आलो. तुमच्या घरी यायाची हिंमत नाही झाली.”

जावयांनी त्यांच्या हातातले पत्ते काढून घेतले.

“बांधावरून घर दिसते, मामाजी,” ते म्हणाले. “हाक मारली असती तरी आलो असतो.”