शैलाअक्कानं बटण दाबलं होतं

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बेळगावच्या बहिणीपाशी नाही – आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

धारवाडच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाची मान किती वळली, कुणाचं पेन कुठे थबकलं – लांबून कळायचं मला. त्या नजरेचा मला फार अभिमान होता. निवृत्त झाले तेव्हा ती घरी घेऊन आले. घरात पकडायला कुणी नव्हतं – म्हणजे, मला तसं वाटायचं.

शैलाअक्का आमच्या केलगेरीतली भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचे यजमान तारिहाळच्या एका कारखान्यात फोरमन होते, ते वारले, मुलगा बंगळूरला. गल्लीतल्या मुलींना ती गाणं शिकवायची. आपल्याकडची म्हातारी माणसं – घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही मिसळून बोलणारी – त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांच्या कामाबद्दल बोलतं करायचं, व्हिडिओ पॉडकास्ट काढायचा, ही कल्पना कुणाची? लोक विचारतात तेव्हा मी सांगते, माझी. ती अक्काची होती. बघा, हेही आज पहिल्यांदाच सांगते आहे.

आम्हाला दोघींना काही म्हणजे काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी पंखा बंद करायला विसरलो, तर सगळ्या रेकॉर्डिंगभर पिठाची गिरणी चालू असल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी खिडकीकडे पाठ करून बसलो आणि दोघींचे चेहरे काळेठिक्कर. मग इंटरनेटवर शिकवणारे व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, परत बघायचे, वहीत उतरवायचे. खोलीत आवाज घुमतो म्हणून हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून जाड पडद्याचं कापड आणलं. चित्र अक्काच्या फोनवर, आवाज कॉलरला लावायच्या बिनतारी माइकमधून माझ्या फोनवर, आणि दोन्ही नंतर जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला एक टाळी. साठी-सत्तरीच्या दोन बायका कॅमेऱ्यासमोर एकच टाळी वाजवून गंभीर बसायच्या, आणि मग हसू आवरायचं नाही. ते दिवस – नको, त्या दिवसांबद्दल गोड बोलायचा हक्क मला नाही.

सरावाचा एक तुकडा आम्ही ओळखीच्यांना पाठवला. सगळ्यांचं एकच उत्तर – अक्का किती छान बोलतात! माझ्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. एकानं विचारलं, बाजूला कोण बसलंय?

तिथून सुरू झालं. मी बघायला लागले. कॅमेरा ती जरा आपल्याकडे वळवून लावते का? मी आत गेले की मुलाशी फोनवर बोलताना तिचा आवाज का उतरतो? आणि चॅनलचा पासवर्ड – तो तिनं मला एका आठवड्यात तीनदा विचारला. तीनदा! एकदा सांगितल्यावर पुन्हा कशाला हवा? तिसऱ्यांदा तिनं तो चिठ्ठीवर लिहून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि मी मनात म्हटलं – अस्सं. सव्वीस वर्षं मी हेच पकडत आले होते, नाही का?

आमचे पहिले पाहुणे होते गणपतअण्णा. अक्काच्या यजमानांच्या हाताखाली तारिहाळला लेथवर उभं आयुष्य काढलेले. येताना त्यांनी कापडी पिशवीतून धातूचे लहान लहान तुकडे आणले होते. डोळे मिटून एकेक वाजवायचे आणि सांगायचे – हे पितळ, हे बीड, हे बीडच पण ह्याला आतून चीर आहे. अक्का त्यांना इतकं सुरेख बोलतं करत होती. मी बाजूला बसून होते.

अर्ध्या तासानं चहासाठी थांबलो. कॅमेरा तसाच चालू राहिला. मी उठले, माझा फोन घेतला, म्हटलं बॅटरी बघते. स्वयंपाकघरात गेले आणि कानात इअरफोन घातले. त्या दोघांच्या कॉलरचे माइक चालू होते. ते मला माहीत होतं. विसरून नव्हे – ऐकायलाच गेले होते मी.

मधे दोन भिंती. आवाज तुटत तुटत येत होता. अक्काचं कन्नड आधी आलं, ‘आकीगे हेळब्याड्री, अण्णा’ – तिला सांगू नका. मग खरखर. मग, ‘चार-पाच भाग होऊ देत’. खरखर. ‘वेगळी होते’. पुन्हा खरखर. ‘एकटी’. आणि शेवटी, ‘गरज नाही’.

एवढंच. मला पुरेसं होतं. चहात साखर घातली, गाळला, बाहेर नेला, हसून दिला. उरलेलं रेकॉर्डिंग पूर्ण केलं.

अण्णा निघाले. अक्कानं नेहमीसारखा आपला फोन माझ्या हातात दिला, व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला, आणि त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. मी तो लॅपटॉपवर घेतला. मग तिच्या फोनमधून काढून टाकला. काढून टाकलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात तिथूनही काढला. हे सगळं आम्ही दोघी मिळूनच शिकलो होतो.

ती परत आली तेव्हा मी म्हटलं, “अक्का, चित्र काही आलंच नाही गं. तू बटण दाबलंच नव्हतंस.”

“दाबलं होतं की. लाल ठिपका बघितला मी.”

“सरावाच्या वेळचा आठवत असेल तुला.”

“नाही गं. टाळी वाजवायच्या आधी –” ती थांबली. फोन घेऊन वरखाली बघत राहिली. “दाबलं होतं ना मी?”

“नव्हतं, अक्का.”

मला वाटलं होतं ती भांडेल. एखादं तरी कारण सांगेल, माझ्यावर उलटेल. ती खुर्चीवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, “अय्यो. म्हणजे मला आठवतंय, पण ते झालेलंच नाही.”

मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. चूक पकडली गेली म्हणून चेहरा उतरला, असं मी धरून चालले. बरं वाटलं मला. हो – बरं वाटलं.

तीन दिवसांनी, तिच्याविरुद्ध आणखी काही सापडतं का म्हणून, मी तो व्हिडिओ लावला. अक्काच्या फोननं चित्राबरोबर आवाजही धरला होता, त्याला भिंतींची अडचण नव्हती. अण्णा म्हणत होते, “वहिनी, हे तुम्ही मघाशी विचारलंत.” आणि अक्का म्हणत होती – आता पाठ आहे मला – “आकीगे हेळब्याड्री, अण्णा. हल्ली मी तेच तेच विचारते. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आत्ता कळलं तर ती माझ्यापायी हे सगळं बंद करेल. चार-पाच भाग होऊ देत, तिचा हात बसू दे, मग मी आपली वेगळी होते. ती एकटी करेल छान. हुशार आहे ती, माझी काही गरज नाही तिला.”

मी व्हिडिओ बंद केला. भिंतीपलीकडून गल्लीतल्या मुलींच्या गाण्याचा आवाज येत नव्हता. तेव्हा लक्षात आलं, तीन दिवस येत नव्हता. तिनं शिकवणी बंद केली होती.

पलीकडे जायला किती पावलं लागतात? चाळीस. मी गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं, असं म्हणतात लोक. खोटं आहे. ते रोज तेवढंच सोपं होतं. मला कुणी वाईट म्हणायला नको होतं, एवढंच.

मुलगा आला, तिला हुबळीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी बरंच काय काय विचारलं, तपासलं आणि म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, झोप नीट घ्या, काळजी सोडा. अक्का म्हणाली, “तसं नाही डॉक्टर. मी न दाबलेलं बटण मला दाबलेलं आठवतं.” आणि माझ्याकडे बघितलं. साक्षीला. मी मान डोलावली.

तिनं गॅस पेटवणं सोडलं. एकटीनं रस्ता ओलांडणं सोडलं. कॅमेऱ्यासमोर तर ती पुन्हा बसलीच नाही. गणपतअण्णा परत यायला तयार होते, पण त्यांच्यासमोर मला बसवेना. दुसऱ्याच कुणाला बोलावून पहिला भाग मी एकटीनं काढला. आता पुष्कळ भाग झाले. लोक बघतात, बरं म्हणतात. बाजूला कोण बसलंय, असं आता कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी मुलगा तिला बंगळूरला घेऊन गेला. ती सांगते ते खरं आजारपण आहे की मी तिच्या डोक्यात घातलेलं, हे आता मला ठरवता येत नाही. कुणालाच येणार नाही, कारण मी काय केलं ते कुणालाच माहीत नाही.

दर रविवारी सकाळी ती फोन करते. मागच्या रविवारी म्हणाली, “दुसरी कुणी असती तर माझ्या मनाला लागेल म्हणून खोटं सांगितलं असतं. फोन बिघडला, कार्ड बिघडलं, काहीतरी. तू स्पष्ट सांगितलंस. म्हणून मी वेळेवर सावध झाले बघ.”

मी म्हटलं, “हूं.” मग काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “नाश्ता झाला का गं, अक्का?”

“थांब हं,” ती म्हणाली. “वहीत लिहिलंय का बघते.”

पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला लावून थांबले.