पाळीचा पहिला दिवस

"पहिला दिस शनिवार, बाई," सुमन म्हणाली.

केसपेपरवर लिहिता लिहिता मी थांबले. "शनिवार कसा? मंगळवारी तू दवाखान्याच्या दारात उभी होतीस. आत ये म्हटलं, तर 'बाजूला बसलेय' म्हणालीस ना?"

"व्हय. पर ते चार दिस कुठं धरत्यात? न्हाऊन घरात घेत्यात, तवापासनं पहिला."

मी बोटांवर दिवस मोजले.

पंचाहत्तरच्या आसपासची ही गोष्ट. माझा दवाखाना दौंडला. खुटबावची सुमन दीड वर्ष येत होती. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. पुण्याहून एक्स-रे काढून आणला, गर्भनळ्या मोकळ्या. नवऱ्याचा, म्हणजे बबनचा, रिपोर्टही चांगला. सासूनं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत दिवस गेले नाहीत तर बबनला दुसरी करणार. दिवाळी आता पंधरा दिवसांवर होती.

बाईचं बीज महिन्यातून एकदा सुटतं. रक्त दिसल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी, आणि जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणून मी सांगितलं होतं, बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत एकत्र राहा, त्याआधी आठ दिवस लांब, म्हणजे पुरुषाचं बीज साठतं. तेव्हा तसंच शिकवत. बिचारीनं तंतोतंत पाळलं. पण तिचा बारावा म्हणजे माझा सोळावा! बीज सुटायचं तेव्हा दोघं माझ्याच हुकमानं वेगळी झोपत होती. कुटुंबनियोजनवाल्यांनी माझा सत्कारच करायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी मी सासूला आणि बबनला बोलावून घेतलं. "चूक माझी आहे. सुमनमध्ये दोष नाही. मला अजून चार महिने द्या."

"दीड वरीस तुमास्नी कळलं न्हाई, आन् आता चार महिन्यांत काय दिवे लावणार?" सासू म्हणाली. "पोरगी बघितलीया. सुपारी फुटलीया."

"अहो मावशी, कायद्यानं दुसरं लग्न करता येत नाही."

"कायदा पाळणा हलवाय येतोय व्हय?"

"बबनराव, तुम्ही तरी बोला!"

"आई म्हणंल तसं," तो चपलेकडे बघत म्हणाला.

"मग दिवस मोजायला आईलाच आणायचं होतं!" मी ओरडले. काही उपयोग झाला नाही. तुळशीची लग्नं उरकली आणि आठवड्याभरात बबनचंही.

सुमन शेवटची आली ती शिरूरकडे माहेरी जाताना, हातात पिशवी घेऊन. "बाई, माझ्यात खोट न्हाई, असं लिहून द्या."

"कुणाला दाखवणार?"

"कुणाला न्हाई. मला वाचाय बी येत न्हाई. जवळ असू द्या."

मला रडू आवरेना. तीच माझी समजूत घालत बसली.

तेव्हापासून दिवस सांगण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, "तू पहिला दिवस कुठला धरतेस?" कितीतरी जणी न्हाण्याचाच सांगतात. कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं, आणि त्यांना विचारावं असं मला सुचलं नव्हतं.

सुमनला मी चिठ्ठी दिली. 'सर्व तपासण्या व्यवस्थित' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. चूक माझी होती, हे मात्र त्यात लिहिलं नाही. दवाखाना चालवायचा होता.