इरकल नेसलेले दाजी

साडी नेसून जिना कसा चढावा हे अख्ख्या सोलापुरात आमच्या दाजींइतकं कोणालाच कळत नाही, आणि ह्यात मी सोलापुरातल्या समस्त बायकाही धरल्या आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. उंची सहा फूट, गाव मंगळवेढा, तरुणपणी तालमीत कमावलेलं अंग, आणि मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवलं तर ते उतरायचं नाव घेणार नाही. मुलांच्या एका शाळेत ते तीस वर्षांवर पी.टी. शिकवत होते. गळ्यातली शिट्टी त्यांनी कधी काढलेली मी पाहिली नाही. माझ्या लग्नात पंगतीला रेटारेटी झाली तेव्हा त्यांनी ती अशी फुंकली की वऱ्हाड तर रांगेत उभं राहिलंच, पण नवरदेव असून मीही हात सरळ करून ताठ झालो. साडीशी त्यांचा संबंध आला तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी. शाळा निव्वळ मुलांची. गॅदरिंगला नाटक हवंच, नाटकात बाई हवीच, मग बाई आणायची कुठून? मुलांना साड्या नेसवून तयार करायचं काम कोण घेईल, असं हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, तेव्हा सगळे मास्तर घाईघाईनं पेपर तपासायला लागले. पी.टी.च्या मास्तरांना तपासायला पेपर नसतात. काम दाजींच्या गळ्यात पडलं आणि शिट्टीशेजारी कायमचं राहिलं.

दाजी कुठलंही काम अंगाला लावून घेतात. डिसेंबर उजाडला की अक्का आपल्या साड्यांच्या कपाटाला कुलूप लावायची आणि दाजी किल्ली कुठे आहे ते बरोबर ओळखायचे. दोन-तीन वर्षांतच त्यांचा हात असा बसला, की नात्यातल्या लग्नात नवरीच्या निऱ्या बसेनात म्हणजे मावश्या-आत्या दाजींना बोलावणं धाडायला लागल्या. दाजी खोलीच्या दारात पाठ करून उभे राहतात आणि बाहेरून हुकूम सोडतात. "खोचा. आता निऱ्या. एक. दोन. तीन. चिमटीत धरा. अंगठा सोडू नका. पाचवी ल्हान झाली, परत." पाचवी निरी लहान झालेली त्यांना पाठमोऱ्यानं कशी कळते, हे आमच्या घराण्यातलं एक न सुटलेलं कोडं आहे.

ह्या विषयाचा त्यांचा अभ्यास सदैव चालू असतो. एकदा मी त्यांना मंगळवेढ्याच्या गाडीवर बसवून द्यायला एस.टी. स्टँडवर गेलो होतो. आमच्यापुढे एक म्हातारी होती. एका हातात पिशवी, कडेवर नातवंड, आणि उरलेल्या बोटांत निऱ्या किंचित उचलून ती पायरी चढून आत गेलीसुद्धा. दाजी जागच्या जागी थांबले. मग त्यांनी आपली पिशवी डाव्या हातात घेतली, माझी ब्रीफकेस कडेवर घेतली, पॅन्टची न दिसणारी निरी उचलली आणि चढले. उतरले. पुन्हा चढले. चौथ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "काका, चढायचंय का उतरायचंय ते एकदा ठरवा की." दाजी म्हणाले, "थांबा वो. कोणता पाय आदी टाकला तेवडं बगू द्या." आतून म्हातारीनंच "डावा" म्हणून सांगितलं आणि गाडी सुटली.

मुलांना मात्र ते थट्टा करू देत नसत. सराव सुरू झाला की पंधरा दिवस शाळा सुटल्यावर साडी नेसूनच वर्ग झाडायचा, पाणी भरायचं, डबा खायचा. लचकत चालणाऱ्याला, मान वेळावणाऱ्याला मैदानाच्या दोन फेऱ्या, त्याही साडीतच. "कोणती आई अशी चालती रं?" असं ते विचारत. त्यांचं एक वाक्य शाळेतल्या तीस वर्षांतल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. "हसवायसाठी साडी नेसायची न्हाय. साडी नेसून काम करायचं. हसायचं का न्हाय ते लोक बगतील." लोक अर्थात हसतच. साडीतला मुलगा स्टेजवर आला रे आला की मागच्या बाकांवरून शिट्ट्या पडत, आणि विंगेतले दाजी आपलीच मिशी चावत.

भाची, म्हणजे दाजींची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे आणि लॅपटॉपवर जपानी कार्टून बघते. त्याला ॲनिमे म्हणायचं. कार्टून म्हटलेलं तिला सोसत नाही. गेल्या वर्षी दिवाळीत ती असंच एक विनोदी ॲनिमे बघत होती. निव्वळ मुलांची शाळा, सगळीकडे रुक्ष कारभार, म्हणून त्यातल्या काही देखण्या पोरांना मुलींचे कपडे घालायला लावतात आणि मग सगळा गोंधळ. दाजी खांद्यावर टॉवेल टाकून अंघोळीला निघाले होते ते तिथेच टेकले. "पोरगं बरंय," थोड्या वेळानं ते म्हणाले, "पण बसतंय कसं बग. एक गुडगा जेऊरला चाललाय आन् एक अक्कलकोटला." त्या दिवशी अंघोळ दुपारी झाली. पुढे त्यांनी ते सगळे भाग पाहिले. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, शेजारी बसून भाची मराठीत सांगणार, आणि दाजी हजेरीच्या जुन्या वहीत टिपणं काढणार. मी गेलो की मला ऐकवत. "पावणं, तिकडं बी पोरांची शाळा, तिकडं बी हीच पंचाईत. आन् बगा, लोक हसतेत ते भानगडीला हसतेत, पोराला न्हाय." हे उद्योग करणारा जगात आपण एकटाच, असं हा माणूस इतकी वर्षं समजून चालला होता. आता जपानात सोयरीक जुळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यातूनच त्यांनी आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं. शाळेच्या कागदावर मुली आहेत आणि वर्गात एकही नाही, नेमके तेव्हाच साहेब तपासणीला येतात, मग पोरांना साड्या नेसवून बाकांवर बसवतात, अशी ती भानगड होती. शाळेचं ते निव्वळ मुलांची म्हणून शेवटचं वर्ष होतं. जूनपासून मुलींना प्रवेश मिळणार होता, आणि दाजी मे महिन्यात निवृत्त होणार होते. मुख्य काम नववीतल्या एका मुलाला दिलं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि कबड्डीच्या मैदानावर कोणाला न ऐकणारा. पहिल्याच दिवशी तो साडीत जिना चढून गेला आणि दाजींनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढं कौतुक आजवर कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

मग कोणीतरी सरावातला त्याचा व्हिडिओ काढला, त्याला एक गाणं जोडलं आणि ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो त्याच्या गल्लीत पोचला. कोपऱ्यावरची पोरं त्याला "काय वैनी" म्हणायला लागली. व्हिडिओ कोणी काढला ते कळलं, त्या पोराच्या फेऱ्याही झाल्या, पण हा मुलगा शाळेत यायचा बंद झाला तो झालाच. चौथ्या दिवशी त्याचा मित्र सांगत आला, की तो आता शाळाच सोडतोय, काकाच्या टॉवेलच्या कारखान्यात बसणार आहे. दाजींना भाकरी गोड लागेना. ते त्याच्या घरी गेले तर पोरगं गच्चीवर चढून बसलेलं. तिथूनच ओरडून म्हणालं, "सर, तुमी कदी साडी नेसून भाईर गेलाय का? आमालाच सांगता."

त्या संध्याकाळी मी अक्काकडे होतो. दाजी भिंतीला टेकून बसले होते. "पोरगं खरं बोललं, पावणं," ते म्हणाले. "दुसऱ्याला नेसवल्या. आपण नेसून कदी उंबरा वलांडला न्हाय." मी माझ्या स्वभावाप्रमाणे शहाणपणा केला. म्हटलं, "सोडा हो दाजी. नाटकाला दुसरा मुलगा घ्या." "नाटकाला मिळंल की दुसरा," ते म्हणाले. "पण ह्याची शाळा गेली तर ती कुटनं आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं आपण होऊन कपाट उघडलं आणि ठेवणीतली इरकल काढून दिली. गाडीवर बरं पडेल म्हणून नऊवारी नेसा, असंही ती म्हणाली. दाजी म्हणाले, "नऊवारी म्हंजे धोतराची थोरली भैन. त्यात कसली परीक्षा? गोल नेसतो." आणि पी.टी.च्या पांढऱ्या टी-शर्टावर गोल इरकल, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, अशा थाटात त्यांनी आपली जुनी स्कूटर काढली.

मी तेव्हा सात रस्त्याच्या चौकात ऑफिससमोरच्या टपरीवर सहकाऱ्यांबरोबर चहा घेत होतो. आधी रिक्षावाल्यांचा गलका ऐकू आला, मग लोकांचे मोबाइल वर झाले, आणि मग चौकात दाजी दिसले. सिग्नलला थांबले होते, पदर खांद्यावर नीट, नजर समोर. चौकातला हवालदार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. तो जवळ आला, एक सलाम ठोकला आणि विचारलं, "सर, कुटं निगालाय?" दाजी म्हणाले, "पोराला शाळंत आणाय." "जावा सर," म्हणून त्यानं दुसऱ्या बाजूची वाहनं थांबवली. तेवढ्यात दाजींची नजर टपरीकडे वळली. आमचे हेडक्लार्क मला कोपर मारून म्हणाले, "अहो, तो तुमच्याकडंच बघतोय की. ओळखीचा हाय का?" मी म्हणालो, "छे. मी कुठला ओळखायला?" आणि कपातल्या चहाकडे बघत राहिलो. पुन्हा मान वर केली तेव्हा दाजींची नजर माझ्यावरून अशी पुढे गेली होती की जणू मी त्या टपरीचा खांब होतो. मग ते गेले.

पुढचं मला त्या मुलानंच सांगितलं. दाजींनी दार वाजवलं, त्याच्या आजीनं उघडलं. आजीनं मिशीपासून बुटापर्यंत एकदा पाहिलं आणि ती आत गेली. सर आता परत जातील असं त्याला गच्चीवरून वाटलं. पण आजी कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. साडी नेसून दारात आलेल्या कोणाला तिनं जन्मात कधी कुंकू लावल्याशिवाय पाठवलं नव्हतं, आणि ह्या वयात ती आपली रीत बदलणार नव्हती. दाजी गुडघ्यात वाकले, डोळे मिटले, हात जोडले. आजीनं त्यांना ठसठशीत कुंकू लावलं. चार दिवस तोंड पाडून बसलेल्या त्या पोराला गच्चीवर हसू फुटलं ते थांबेचना. हसत हसतच तो खाली आला, दप्तर घेतलं आणि म्हणाला, "सर, पदर चाकात जाईल." शाळा येईपर्यंत मागे बसून त्यानं तो पदर हातात धरून ठेवला. वाटेत त्याच्या गल्लीतली पोरं कोपऱ्यावर होती, पण त्या दिवशी वैनी कोणाला म्हणावं हे त्यांना सुचलं नाही.

नाटक झालं. तो स्टेजवर आला तेव्हा मागून दोन-चार शिट्ट्या पडल्या, पण पोरगं आपलं काम करत राहिलं, आणि दहाव्या मिनिटाला लोक गोंधळलेल्या साहेबाला हसत होते, पोराला नाही. मुलगा आता दहावीत आहे. दाजी निवृत्त झाले. जूनमध्ये शाळेत मुली आल्या. "बरं झालं," दाजी म्हणाले, "पोरींची कामं आता पोरीच करतील." त्यांना खरंच बरं वाटत होतं. पण डिसेंबर आला, अक्कानं सवयीनं कपाटाला कुलूप लावलं, आणि किल्ली कोणी शोधली नाही. हे मला अक्कानंच सांगितलं.

मी दाजींना भेटायला गेलो. वर्षभर जे बोलायचं टाळलं होतं ते शेवटी बोललो. म्हटलं, "दाजी, त्या दिवशी सात रस्त्याला मी तुम्हाला पाहिलं होतं. ओळख दिली नाही."

"बगितलं की मी," दाजी म्हणाले. "म्हनून तर हाक मारली न्हाय. तुमच्या हापिसातली मानसं हुती न्हवं संगं."

एवढंच म्हणाले, आणि मला लाडू घ्यायला लावला. अख्ख्या चौकासमोर ज्या माणसानं स्वतःची लाज बाजूला ठेवली, त्यानं तिथेच माझी तेवढी सांभाळली होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला. तोही मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला गेल्यावर मी हेडक्लार्कना म्हणालो, "ते माझे दाजी होते." त्यांनी विचारलं, "कोण?" त्यांना काही आठवत नव्हतं. मग मी दोन चहा आणखी सांगितले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.