हवालदार गायकवाडांचे सहा आकडे

हवालदार गायकवाड आमच्या जळकोटच्या तहसील कचेरीत आले की कधी खुर्चीवर बसत नसत. माझ्या टेबलावरच्या फायली सरकवून ते आपला जुना लष्करी नकाशा पसरत. तोफखान्यातून निवृत्त झालेले, जळकोटजवळच्या एका बौद्ध वस्तीत राहणारे. आज ते हयात नाहीत. पण नकाशा वाचायला मला त्यांनीच शिकवलं.

त्या दुष्काळात जळकोट तालुका नुकताच वेगळा झाला होता आणि त्यांची वस्ती नेमकी शिवेवर. मुखेडला गेलं की ऐकायला मिळे, तुम्ही जळकोटचे. आमच्याकडे आलं की तहसीलदार साहेब म्हणत, तुम्ही मुखेडचे. टँकरच्या कुठल्याच यादीत वस्तीचं नाव नव्हतं. नकाशावर मात्र त्यांची विहीर निळ्या ठिपक्यानं दाखवलेली होती.

"नकाशा जुना आहे, हवालदार," साहेब म्हणाले.

"तालुका नवा झाला साहेब. विहीर तिथंच हाय."

"फौजेचा नकाशा तुमच्याकडे कसा? चौकशी लावू का?"

"लावा की! पलटणीनं रद्दीत काढलेला हाय. पण चौकशीला वस्तीवर यावं लागंल. तेवढंच तर मागायलोय."

हवालदारांनी मला जवळ बोलावलं. "ताई, ह्या चौकटी बघा. आधी डावीकडून उजवीकडं मोजायचं, मग खालून वर. दोन आकडे चौकटीचे, तिसरा तिच्यातल्या दहाव्या हिश्श्याचा. असे तीन आडवे, तीन उभे. उलटं वाचलं, तर गोळा आपल्याच पोरांवर पडतो." हे शेवटचं ते हसून सांगत नसत.

अर्जात पत्त्याच्या जागी त्यांनी ते सहा आकडेच लिहिले. तिसऱ्या दिवशी तो पत्ता तपासायला साहेबांची जीप निघाली. साहेबांनी त्यांना पुढं बसायला सांगितलं, तर ते मागं जाऊन बसले. "वाट मी दावणार न्हाई. मग म्हणाल, हवालदारानं भलतीकडंच नेलं. ताई वाचतील."

मी दोनदा चुकले. दोनदा जीप मागं घ्यावी लागली. ओढ्याच्या वळणावर नकाशा आणि माळ जुळले. चढ संपला आणि विहीर दिसली. काठावर घागरींची रांग, आणि तळाशी दोरानं उतरलेली एक बाई वाटीनं पाणी भरत होती.

साहेबांनी वाकून तळ बघितला. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून म्हणाले, "लिहा. खास बाब म्हणून, सहानुभूतीनं टँकर मंजूर."

हवालदारांनी कागदावर पंजा ठेवला. "सहानुभूती नको साहेब. यादीत चूक झाली होती, ती दुरुस्त केली, असं लिहा."

साहेबांकडे न बघता मी तसंच लिहिलं. त्यांनी सही केली.