दरवर्षी चोपावं न लागणारं अंगण

घरांभोवतीच्या मोकळ्या जागा आखून देण्याचं काम मी महाडमध्ये करते, आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं मुंबईहून फोनवरच बोलतात. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतलं काम असंच आलं. घरात काकी एकटी, सत्तरीची, गुडघे गेलेले. पुतण्या म्हणाला, "मॅडम, मस्त लॉन करा. काकीला कायच करायला लागता कामा नये. नायतर तिला मुंबईला आणावी लागेल, आणि ती तर घर सोडायला तयार नाय."

लॉन! माझं डोकंच फिरलं. पावसाळ्यात जिथे न लावलेलं गवतही कमरेला लागतं आणि एप्रिलमध्ये हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर ताटकळावं लागतं, तिथे यांना लॉन हवं. तीन फोन हेच समजावण्यात गेले. मग त्याला चकचकीत फरशी सुचली. म्हटलं, पहिल्याच पावसात शेवाळ धरेल आणि काकीचं कंबरडं मोडेल.

शेवटी माझंच खरं झालं. खरबरीत दगड बसवला, पाणी ओढ्याकडे जाईल असा उतार काढला, कडेला गुरंही तोंड लावत नाहीत अशी निरगुडी आणि अडुळसा लावला. काकी ओटीवर बसून बघत होती. "छान हाय गो," एवढंच म्हणाली. पुतण्याशी मी तास तास वाद घातला होता, तिला मात्र एकदाही काही विचारलं नव्हतं.

पावसाळा गेला. एक दगड हलला नाही, थेंबभर पाणी साचलं नाही. दिवाळीनंतर फोटो काढायला मी ऐटीत गेले. शेजारच्या अंगणात वाडीतल्या सात-आठ बायका लाकडी चोपणीने ओली माती बडवत होत्या. पावसाने उखडलेलं अंगण इथे दरवर्षी नव्याने करतात. हसणं, टोमणे, मध्येच चहा. काकी आपल्या ओटीवर एकटीच.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"कशी जाऊ? पाळी असते ना गो. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. मी बसल्या बसल्या पानी शिंपायची, शेन कालवायची. आता माज्याकडं चोपायचं कायच नाय, म्हंजे कोन येनार नाय. मग मी कुनाच्या दारात जाऊ?"

"सहज जाऊन बसा की."

"फुकटचा च्या प्यायला?"

मला तिचा राग आला, वाडीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. काम किती वाचतं, एवढंच मी इतकी वर्षं बघत आले. त्या कामापायी घरात कोण कोण येतं, हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. तिथूनच पुतण्याला फोन लावला. म्हटलं, अर्धा दगड काढून माती घालू या.

तो हसायलाच लागला. "काय मॅडम! एवढं भारी झालंय, गावात सगळे विचारतात. आणि तिचे गुडघे?"

मी चरफडत फोन ठेवला.

शिमग्याच्या आधी त्याचाच फोन आला. भलताच खुशीत होता. "मॅडम, काकी आली मुंबईला! इतकी वर्षं हातापाया पडत होतो, तरी येत नव्हती. या वेळी तिनेच फोन केला, म्हणाली, मला घेऊन जा."